नागनाथचं वजन

२५ नोव्हेंबर १९७४, ताडकळस

पोचलो एकदाचा! परभणीहून निघालेली एस. टी. वाटेत दोनदा बंद पडली आणि शेजारच्या बाईच्या पिशवीतल्या कोंबडीने माझ्या नव्या विजारीवर आपली मोहोर उठवली. तरी मन खट्टू झालं नाही. सव्विसाव्या वर्षी पहिली कायम नोकरी लागली की कोंबडीसुद्धा शुभशकुनाची वाटते. हायस्कुलात विज्ञान आणि गणित शिकवायचं. हेडमास्तरांनी चहा पाजला, संगमनेरच्या माणसाला इकडचं तिखट झेपेल का म्हणून चौकशी केली आणि खोलीचीही सोय लावून दिली.

बाजाराच्या मागच्या गल्लीत चांगुणाबाईंचं घर आहे. मातीचं माळवद, हातभर जाड भिंती. आत सासू-सुना दोघीच राहतात. ओसरीला लागून असलेली बाहेरची खोली माझी. ओसरीच्या तुळईला एक भलामोठा तराजू टांगलेला आहे. लाकडी दांडी, लोखंडी साखळ्या आणि माणूस मांडी घालून बसेल एवढाली दोन पारडी. चांगुणाबाईंचे मालक बाजारात मापाडी होते, लोकांचा कापूस, ज्वारी मापून द्यायचे. मुलगाही तेच काम करायचा. दांडी अशी समतोल की एका पारड्यात पोस्टकार्ड ठेवलं तरी ती झुकते. मी ठेवून पाहिलं. मला तर देवघर पाहिल्यासारखा आनंद झाला. तरफेचा धडा आला की वर्गच इथे आणीन म्हणतो.

रात्री गरम भाकरी आणि अंबाडीची भाजी. मुलगा कुठे असतो म्हणून विचारलं, तर चांगुणाबाई म्हणाल्या, लांब हाय, येईल आता. सून तानुबाईने आणखी एक भाकरी वाढली.

१ डिसेंबर

मुलगा कुठे आहे ते कळलं. सेंट्रल जेलमध्ये, फाशीच्या कोठडीत. नाव नागनाथ. चार वर्षांपूर्वी बाजारात कापूस कोणी मापायचा यावरून भांडण झालं आणि याने लोखंडी मापाने दोघा सख्ख्या भावांची डोकी फोडली. धाकटा खाली पडून पाणी मागत होता, त्याला पुन्हा मारलं. सगळ्या बाजाराने पाहिलं, त्यामुळे खोटा खटला वगैरे भानगड नाही. वरच्या कोर्टांनी शिक्षा कायम केली आणि आता राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज पडून आहे. मेलेल्या दोघांची आई सरजाबाई याच गल्लीच्या टोकाला राहते. हे सगळं मला शाळेतल्या भालेराव सरांनी सांगितलं. ते मराठी शिकवतात, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे आहेत आणि माणूस मोजकं बोलणारा आहे.

खोली बदलायची का असं त्यांनी विचारलं. मी हसलो. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि हा गडी तर अजून मेलेलाही नाही!

योगायोग पाहा. परभणीच्या काही वकिलांनी जानेवारीत शिक्षकांसाठी वादविवाद ठेवला आहे. विषय: ‘फाशी माणुसकीला धरून देता येते काय?’ यंदा नवा कायदा आला, आता फाशी देताना न्यायाधीशाला खास कारण लिहावं लागतं, म्हणून हा विषय. मी ‘येते’ या बाजूने नाव दिलं. भालेराव सरांनी विरोधात दिलं. आता मजा येईल.

७ डिसेंबर

भालेराव सर काल सहा डिसेंबर म्हणून रजेवर होते. आज मधल्या सुटीत त्यांच्यावर माझ्या भाषणाची रंगीत तालीम करून घेतली.

माझा मुद्दा सरळ आहे. मारायचं की नाही हे कोर्ट ठरवतं. कसं मारायचं हा प्रश्न विज्ञानाचा. दोर आखूड पडला तर माणूस गुदमरत मरतो, जास्त लांब झाला तर मुंडकं तुटतं. म्हणून कैद्याचं वजन करतात, पुन:पुन्हा करतात, आणि त्यावरून दोराची लांबी काढतात. वजन जास्त तर दोर कमी. आदल्या दिवशी त्याच्या वजनाच्या हिशेबाने वाळूचं पोतं भरून खाली सोडून पाहतात. हिशेब बरोबर असेल तर मान क्षणात मोडते, वेदना मेंदूपर्यंत पोचायच्या आत सगळं संपतं. एवढी काळजी आपल्याकडे मुलीचं स्थळ बघतानाही कोणी घेत नाही!

भालेराव सर हसले नाहीत. म्हणाले, हे भाषण चांगुणाबाईंच्या ओसरीवर करून दाखवा, मी माझं नाव मागे घेतो. मी म्हटलं, हा मुद्दा नव्हे, ही भावनेची आडकाठी झाली. ते म्हणाले, असेल. आणि डबा बंद करून उठले.

१५ डिसेंबर

तानुबाई काल जेलच्या मुलाखतीहून परत आली. पूर्णेहून रेल्वेने जाते, दोन दिवस मोडतात. चांगुणाबाईंनी तिला पायही धुऊ दिले नाहीत. कसा हाय, काय खातो, सगळं विचारून घेतलं. तानुबाईने सांगितलं की दूध देतात, डॉक्टर येतो, आणि दर आठवड्याला काट्यावर उभं करून वजन करतात. छप्पन किलो भरलं.

हे ऐकून म्हातारी जी खुलली! मला हाताला धरून ओसरीवर आणलं आणि म्हणाली, “गुर्जी, मापायलेत त्याला. मंजी सोडायलेत. माल ठिवायचा असला तर कुनी मापतंय का? माल मापत्यात ते गिऱ्हाइकाच्या घरला न्यायला. माह्या मालकानं जल्मभर हेच केलं.”

ते कशासाठी मापतात हे या घरात फक्त मला माहीत आहे, अशी माझी समजूत. म्हटलं, हो, तसंच असेल. म्हाताऱ्या बाईला चार दिवस आनंद मिळाला तर कोणाचं काय बिघडतं? माणुसकी म्हणजे आणखी काय वेगळं असतं!

तिने नवस बोलला आहे की मुलगा सुटला की मारुतीपुढे त्याची गुळाची तुला करायची. छप्पन किलो तिला समजत नाही, डोळ्यांनी ढीग पाहायचा होता. मी नागनाथच्याच अंगाचा आहे असं तिचं म्हणणं, तेव्हा मीच पारड्यात बसावं. मला हसू आलं, पण बसलो. तिने मला कुंकू लावलं, नागनाथचा जुना सदरा खांद्यावर टाकला आणि तुळईकडे बघून मोठ्याने म्हणाली, “ह्यो माहा नागनाथ.” समोरच्या पारड्यात तानुबाई वजनं टाकत गेली. पन्नास, पाच, एक. दांडी थरथरली आणि अगदी समान थांबली. दीड मण, म्हातारी म्हणाली. तानुबाईने माझ्याकडे पाहिलं नाही.

१६ डिसेंबर

एक गमतीदार गोष्ट. काल मी उतरल्यावर वजनं काढून ठेवली होती. आज सकाळी पाहतो तर मी ज्यात बसलो होतो ते पारडं खाली टेकलेलं. रिकामं. साखळीला पीळ पडला असेल. सोडवला. दुपारी शाळेतून आलो तर पुन्हा खाली.

२२ डिसेंबर

रविवार म्हणून तराजूच्या मागे लागलो. दांडी उतरवली, मधला खिळा घासून तेल घातलं, साखळ्या मोजल्या. सगळं बिनचूक. मग पारड्यांची अदलाबदल केली. जे खाली होतं ते दुसऱ्या टोकाला टांगलं, तर ते तिकडेही खाली गेलं. म्हणजे दोष दांडीचा नाही, पारड्याचा. पण पारडं हातात घेतलं तर हलकं. टांगलं की जड.

शेवटी दुसऱ्या बाजूला वजनं टाकून बघितली. समतोल व्हायला सत्तावन्न किलो लागले. तीनदा करून पाहिलं. अंग गार पडलं हे इथे लिहून टाकतो, उगाच शौर्य कशाला.

चांगुणाबाई जवळच ज्वारी पाखडत बसल्या होत्या. त्यांना यात काहीच वावगं दिसलं नाही. म्हणाल्या, भरायलाय लेकरू.

५ जानेवारी १९७५

तानुबाई पुन्हा भेटून आली. मी तिला काही बोलू न देता आधी विचारलं, किती भरला? एकोणसाठ, ती म्हणाली.

सकाळीच मी तराजू लावला होता. एकोणसाठ.

मी कोणाला सांगितलं नव्हतं. तिलाही नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

म्हातारीने मला तिळगूळ दिला, मग दूध, मग पुन्हा दूध. मला अन्न जात नाही. पंधरा दिवस नीट जेवलेलो नाही, विजार दोरीने बांधतो, गालफडं बसलीत. हेडमास्तर म्हणाले, मास्तर, पाणी मानवेना का?

काल संगमनेरला निघून जायचं म्हणून पूर्णेपर्यंत गेलो होतो. स्टेशनात पार्सलचा काटा दिसला, त्यावर उभा राहिलो. साठ किलो. हमालाला वाटलं मी चेष्टा करतोय, त्याने दोनदा काटा तपासला. त्याच्या डोळ्यांना मी पंचेचाळीस किलोचा दिसत होतो. मी गाडीत चढलो नाही. कुठेही गेलो तरी हे वजन बरोबरच येणार, मग तिकीट कशाला काढा? घरी येऊन पाहिलं, पारडी समान. दांडी सरळ.

आत बसलेला उतरला. उतरून कुठे गेला ते मला कळलं.

१९ जानेवारी

परभणीचा वादविवाद झाला. मला पहिलं बक्षीस मिळालं.

मला नीट आठवत नाही. हॉल भरलेला होता, वकील मंडळी पुढे बसली होती. साठ किलोच्या माणसाचं उदाहरण सुरू केलं तेव्हा कॉलर आवळल्यासारखी झाली. बटण तर उघडंच होतं. मी थांबलो, घसा खाकरला, पुन्हा बोललो. लोकांना वाटलं मी अभिनय करतोय. टाळ्या पडल्या.

परतीच्या बसमध्ये भालेराव सर शेजारी होते. तिकिटं त्यांनीच काढली. मग हळूच म्हणाले, तुम्ही शेवटी काय बोललात ते ध्यानात आहे का? तुम्ही ‘कैद्याला’ म्हणत नव्हता. मला एवढे फूट सोडतील, माझी मान अशी मोडेल, मला काही कळणार नाही, असं म्हणत होतात. मग त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि ताडकळस येईपर्यंत काढला नाही. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही, आपल्या घरी राहायला चला म्हणाले. मी त्यांना विचारलं, त्या घरी माझं वजन कमी भरेल का? आणि आपल्याच खोलीवर आलो.

२ फेब्रुवारी

पोलीस पाटील माणिकराव आले होते. अर्ज नामंजूर झाला. फाशी शुक्रवारी, सात तारखेला, सकाळी. ओसरीवर चांगुणाबाईच बसल्या होत्या. सहा तारखेला भेटायला बोलावलंय, एवढंच बोलले आणि खाली मान घालून निघाले. खरं काय ते मला त्यांनी गल्लीत सांगितलं.

म्हातारीने बाजारातून गुळाच्या ढेपा आणवल्या. सरकार बोलावतंय म्हणजे ताबा द्यायला बोलावतंय.

गल्लीच्या टोकाला सरजाबाई उभ्या होत्या. त्यांनी मला विचारलं, “कवा?” मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “माहे दोगं एका घडीत गेले. ह्याला येवढे दिस कामून ठिवलं? रोज मारायलेत त्याला. मला बी.” आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या. मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल.

३ फेब्रुवारी

ठरवलं की म्हातारीला सांगायचं. मीच तिच्या समजुतीला मान डोलावली होती. दुपारी ती गुळाला फडकं बांधत होती, मी पुढे झालो. तानुबाईने दारात अडवलं.

तिला पहिल्यापासून माहीत आहे. पहिल्या मुलाखतीतच नागनाथने तिला सांगितलं होतं, मला का मापतात ते. ती म्हणाली, “आत्याबाईला सांगू नका गुर्जी. त्येंचं मरन तरी एकदाच येऊ द्या.” मी म्हटलं, फाटकापाशी कळल्यावर काय होईल? तिने मागचं दार ओढून घेतलं. मग विचारलं, तुमी शिकलेले हाव, लय दुकतंय का वो? मी म्हणालो, नाही, क्षणात होतं.

परभणीला जे बोललो तेच बोललो. ती रडली नाही. बरं हाय, म्हणाली.

५ फेब्रुवारी

दोघी गेल्या. गुळाचं गाठोडं म्हातारीच्या डोक्यावर. निघताना माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, येताव नागनाथा.

मी ‘हो आई’ म्हणालो. माझ्या तोंडून गेलं. आवाज माझा नव्हता.

६ फेब्रुवारी

सकाळी. आठवीचा वर्ग. फळ्यावर आकृती काढत होतो. पायाखालची फरशी गेली.

खाली गेलो — झटका — मान. मग फळा, खडू, मुलं. मी उभाच होतो. मुलांना काही दिसलं नाही. सर, का थांबलात, एवढंच एकाने विचारलं.

वाळूचं पोतं. आदल्या दिवशी सोडून पाहतात. पोतं मी.

मधल्या सुटीत पुन्हा. या वेळी ऐकू आलं. माणसं बोलत होती, हळू, नीट. एक जण म्हणाला, दोन बोटं कमी करा, त्याला त्रास नको. दुसरा दोराला काहीतरी चोळत होता. चांगली माणसं होती. कोणी ओरडत नव्हतं. सगळे फार काळजी घेत होते — त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

घरी आलो. भालेराव सर मागे आले, रात्रभर सोबत बसतो म्हणतात. बसू देत.

तिसऱ्यांदा. संध्याकाळी.

पोतं मरत नाही. म्हणून ते कोणाला सांगत नाही, मधे काय असतं. तानुबाईला मी — मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं.

७ फेब्रुवारी

उजाडतंय. सर भिंतीला टेकून झोपलेत. त्या दोघी आता फाटकापाशी असतील. गूळ घेऊन.

आंघोळ घातली त्याला. मी ओला आहे.

कॉटवर बसून लिहितोय. पाय जमिनीवर आहेत, दिसतायत. टेकत नाहीत.

कोणीतरी माफी मागितली. हळूच, कानाशी. मग टोपी तोंडावर — दिसत नाही, हाताच्या सवयीने लिहि —

खाली —

झालं. हिशेब बरोबर. मान मोडली, आवाज आला. क्षण गेला.

क्षण गेला आणि मी आहे. तो आहे. तो आईला हाक मारतोय, तोंड नाही, तरी. सर उठा. सर त्यांना सांगा, बक्षीस परत — क्षणात नाही होत, लांब आहे, फार लांब, संपतच —

डॉक्टरने छातीला कान लावला. घड्याळ पाहिलं. संपलं म्हणाला. आता उतरवायलेत, कागदावर सही करायलेत, सगळे जायलेत, दार लावायलेत, आन् आमी अजून —